कॅरोलिनातल्या गिरणीगावाचा इतिहास कसा गोळा करावा

अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना राज्यांतल्या ग्रीनव्हिल, स्पार्टनबर्ग, गॅस्टोनिया, ग्रीन्सबरो या पट्ट्यात आता मराठी घरं पुष्कळ झाली आहेत. काही जण तर जुन्या कापडगिरणीतच राहतात. विटांच्या उघड्या भिंती, छताला भिडणाऱ्या खिडक्या आणि मशिनच्या तेलानं काळवंडलेल्या लाकडी जमिनी असलेले हे फ्लॅट तरुण मंडळींना आवडतात. इथं आधी काय चालायचं, कोण राहायचं, ते शोधायचं कसं, असं त्यांच्यातले बरेच जण मला विचारतात. मी व्हीजेटीआयचा टेक्स्टाइल इंजिनियर. दक्षिण कॅरोलिनातल्या एका सूतगिरणीच्या क्वालिटी लॅबमध्ये ती बंद पडेपर्यंत नोकरी केली. वडील लालबागला साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते, त्यामुळे भोंगा, पाळी आणि कापसाची धूळ माझ्या लहानपणापासून घरात आहेत. नोकरी सुटल्यापासून मी इथल्या गिरणीगावांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करतो, त्यांच्याकडचे कागद स्कॅन करतो. त्यातून जी रीत बसली ती इथे देतो.

मालकाचा इतिहास शोधावा लागत नाही. तो कोनशिलेवर असतो, शाळेच्या आणि रस्त्याच्या नावात असतो. आपल्याला हवा तो साच्यावर आणि रिंग फ्रेमवर (सूत कातायच्या मशिनवर) उभ्या राहिलेल्या माणसांचा, आणि तो फार वेगानं हातातून जातो आहे. 1960 साली अठरा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशी ओलांडून गेली. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. पण माणसांकडे रिकाम्या डोक्यानं जाऊ नका. आठ-दहा दिवस तयारीत घाला आणि मगच दार वाजवा.

आधी थोडं वाचून जा

अॅपलाचियन डोंगर आणि किनाऱ्याचा सपाट प्रदेश यांच्यामधल्या चढउताराच्या पट्ट्याला पिडमाँट म्हणतात. त्यातला गिरण्यांचा भाग व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलपासून दोन्ही कॅरोलिना आणि जॉर्जियातून अलाबामापर्यंत जातो. नद्या इथं खडकांवरून खाली येतात, म्हणून पाण्याच्या जोरावर गिरणी चालवता येई. विल्यम ग्रेगनं 1845 मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रॅनिटव्हिलला गिरणी आणि तिच्याभोवती कामगारांचं गाव वसवलं, पण खरी लाट आली ती 1880 नंतर. यादवी युद्धानंतर कापसाच्या शेतीत कर्जबाजारी झालेली, दुसऱ्याची जमीन कसणारी गोरी कुटुंबं बाडबिस्तरा घेऊन गिरणीवर आली. 1920 च्या दशकात दक्षिणेनं चात्यांच्या (स्पिंडलच्या) संख्येत ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडला मागं टाकलं.

त्या युद्धाचा मुंबईशीही संबंध आहे. 1861 ते 1865 मध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं त्याच वर्षी मुंबईतले शेअर कोसळले. इथल्या म्हाताऱ्यांना मी हे सांगतो तेव्हा ते खुर्ची पुढे ओढतात. आपणही कापसाच्याच गावचे आहोत हे त्यांना कळलं की बोलणं सोपं होतं.

गाव म्हणजे अक्षरशः कंपनीचं गाव. घरं, दुकान, बॉलचं मैदान, कित्येकदा चर्चची जमीन आणि पाद्र्याच्या पगाराचा वाटाही कंपनीचा. घर मिळायचं ते कामगार पुरवायच्या बोलीवर. खोलीमागे निदान एक माणूस गिरणीत हवा, असा बऱ्याच ठिकाणी दंडक होता. मोठी माणसं कमी पडली की पोरं जात. या वस्तीला कुठे मिल व्हिलेज म्हणतात, कुठे मिल हिल. ज्या गावात जाल तिथला शब्द वापरा. आणि ‘लिंटहेड’ हा शब्द तोंडून काढू नका. शहरातली माणसं केसांत कापसाचे तंतू अडकलेल्या या लोकांना तसं हिणवत. ती माणसं स्वतःबद्दल बोलताना अभिमानानं तो वापरतील, पण तो अधिकार त्यांचा.

चालत जा, आणि घरं मोजा

नजर तयार करायला अलामन्स काउंटीतलं ग्लेनको आधी पाहा. होल्ट कुटुंबानं 1880 ते 1882 मध्ये हॉ नदीकाठी बांधलेली ही गिरणी 1954 मध्ये बंद पडली, घरं कित्येक वर्षं ओस पडून होती, नंतर ती दुरुस्त करून विकली गेली. तिथं एक छोटं टेक्स्टाइल संग्रहालयही आहे. एकदा ग्लेनकोचा रस्ता पायाखाली घातलात की तुमच्या गावातली गिरणीची घरं तुम्हाला आपोआप वेगळी ओळखू येतील.

एकसारख्या घरांची रांग, पुढे पडवी, खाली विटांचे खांब. खांबांमधली मोकळी जागा बहुतेक ठिकाणी नंतर बुजवलेली असते. पुढच्या भिंतीला दोन दारं असतील तर ते दोन कुटुंबांचं घर. टेकडीवरचं, गिरणीकडे तोंड करून बसलेलं मोठं घर सुपरिटेंडंटचं. बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट चर्च सहसा जवळजवळ. गिरणीच्या भिंतीकडे नीट बघा. खिडक्यांच्या चौकटींत वेगळ्या रंगाच्या विटा भरलेल्या दिसल्या तर ते बहुतेक वातानुकूलन आल्यानंतरचं काम, साधारण 1950 आणि 60 च्या दशकांतलं. त्याआधी उन्हाळ्यात खिडक्या उघडत आणि आतला खडखडाट साऱ्या गावाला ऐकू जाई. ‘खिडक्या बुजवल्या तेव्हा कसं वाटलं?’ हा प्रश्न मी हमखास विचारतो, आणि त्याचं उत्तर कधी एका वाक्यात येत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपण सावळी, परकी माणसं लोकांच्या घरांचे फोटो काढत फिरलो तर पडदे हलतात. म्हणून आधी काउंटी लायब्ररीच्या स्थानिक इतिहास विभागात जाऊन ओळख करून घ्या, जमलं तर त्यांच्याकडून दोन ओळींचं पत्र घ्या. चर्चच्या ऑफिसला फोन करा. संध्याकाळी पडवीत कोणी बसलेलं दिसलं की हात हलवा, थांबा, आपलं नाव आणि काम सांगा. वडीलधाऱ्या बाईंना ‘मिस’ लावून पहिल्या नावानं हाक मारतात आणि प्रत्येक उत्तरामागे ‘मॅम’ किंवा ‘सर’ येतं. हे तुम्ही पाळलंत की अर्धं काम झालं.

नकाशा आणि नावं

सॅनबर्न कंपनीनं आगीच्या विम्यासाठी काढलेले नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. पन्नास फुटांना एक इंच या मापानं काढलेल्या त्या कागदावर विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी. कार्डिंग (कापूस विंचरायचं खातं) कुठे, कताई कुठल्या मजल्यावर, साचे कुठे, पाण्याची टाकी किती उंच, रात्रीचा पहारेकरी आहे की नाही, सगळं लिहिलेलं असतं. वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवा, गिरणी कशी वाढत गेली ते दिसेल. त्यांवर काळ्या कामगारांची घरं बहुतेकदा वेगळा शिक्का मारून दाखवलेली असतात. ती कुठे आहेत ते आधीच टिपून ठेवा, पुढे लागेल.

नावांसाठी शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या आणि जनगणनेचे मूळ तक्ते. डिरेक्टरीत कुटुंबप्रमुखाच्या नावापुढे बायकोचं नाव, काम आणि पत्ता असतो, आणि काळ्या माणसाच्या नावापुढे बहुधा कंसात ‘सी’ हे अक्षर. जनगणनेचे तक्ते 72 वर्षांनी खुले होतात, म्हणून 1950 पर्यंतचे आज पाहता येतात. 1890 चे शोधत बसू नका, ते आगीनंतर जवळजवळ सगळे गेले. 1900 आणि 1910 च्या तक्त्यांत आईला किती मुलं झाली आणि त्यांतली किती जिवंत आहेत हे दोन आकडे शेजारीशेजारी आहेत. गिरणीच्या एका गल्लीचे ते दोन रकाने खाली उतरत वाचा. मला दर वेळी मधेच थांबावं लागतं.

सगळ्यात उपयोगी पडतो तो 1940 चा तक्ता. त्यात माणूस 1 एप्रिल 1935 रोजी कुठे राहत होता हे विचारलेलं आहे. हा रकाना का मोलाचा, ते संपाच्या भागात सांगतो.

घरांची मालकी कळायला काउंटीचं रजिस्टर ऑफ डीड्स, म्हणजे खरेदीखतांची कचेरी. 1930 च्या दशकापासून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक कंपन्यांनी गिरणीची घरं राहणाऱ्यांनाच विकून टाकली. त्या वेळी काढलेल्या नकाशावर प्रत्येक घराचा क्रमांक सापडतो. मृत्यूचे दाखले उत्तर कॅरोलिनात 1913 पासून, दक्षिणेत 1915 पासून राज्यभर नोंदले जाऊ लागले. त्यांत मरणाचं कारण म्हणून ‘पेलाग्रा’ लिहिलेलं वरचेवर भेटतं. मक्याचं पीठ, डुकराची चरबी आणि काकवी यांवर दिवस काढणाऱ्यांना होणारा हा रोग. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1916 पासून दक्षिण कॅरोलिनातल्या गिरणीगावांत घरोघरच्या जेवणाच्या नोंदी घेतल्या आणि हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे हे दाखवलं. आपल्या दख्खनमध्येही निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांत हाच रोग आढळला होता.

वर्तमानपत्रं जरूर वाचा, पण ती कुणाची आहेत ते बघून. शार्लटमध्ये 1911 पासून डेव्हिड क्लार्क चालवत असलेलं सदर्न टेक्स्टाइल बुलेटिन गावोगावच्या बदल्या, बढत्या, लग्नं छापायचं, त्यामुळे नावं आणि तारखा मिळतात. हाच क्लार्क बालमजुरीविरोधी कायदा पाडायच्या मागे लागला होता. त्याच्या गोटातून उभा राहिलेला डॅगेनहार्ट खटला 1918 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मालकांच्या बाजूनं लागला.

दुसरी बाजू लुइस हाइनच्या फोटोंत आहे. बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी तो 1908 पासून या गिरण्यांत फिरला. खिशातल्या वहीत चोरून टिपणं घ्यायचा, आणि पोराची उंची स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून मापायचा. लँकेस्टरच्या गिरणीत 30 नोव्हेंबर 1908 रोजी काढलेल्या फोटोखाली त्यानं लिहिलंय की सेडी फायफर, उंची 48 इंच, सहा महिन्यांपासून काम करते आहे. हे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गावाच्या नावानं शोधता येतात. तुमच्या गावाचे निघाले तर मोठ्या आकारात छापून घ्या, मुलाखतीला जाताना बरोबर न्या.

मुलाखत

चॅपल हिलच्या विद्यापीठात 1973 मध्ये सदर्न ओरल हिस्टरी प्रोग्रॅम सुरू झाला. त्यांनी पिडमाँटच्या गिरणी कामगारांच्या घेतलेल्या मुलाखती, लिखित प्रतींसकट, इंटरनेटवर आहेत. त्यांतल्या चार-पाच आधी ऐका. विचारणारा किती कमी बोलतो याकडे लक्ष द्या.

रेकॉर्डर साधा चालेल, पण डब्ल्यूएव्ही फाइल करणारा हवा, 48 किलोहर्ट्‌झ आणि 24 बिट. फोन दुसरा म्हणून चालू ठेवा. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं असेल तर टीव्ही आणि खिडकीतला एसी बंद करायची परवानगी मागा. सुरुवातीला तारीख, गाव आणि दोघांची नावं बोलून घ्या. दीड तासाच्या वर बसू नका. संमतीचा फॉर्म आधी वाचून दाखवा, सही शेवटी घ्या, कारण काय बोललो ते कळल्यावरच माणूस खऱ्या अर्थानं संमती देऊ शकतो.

साच्यांवर आयुष्य काढलेल्यांचे कान गेलेले असतात. वडिलांचेही गेले होते. या लोकांना एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायची सवय, कारण त्या आवाजात दुसरा इलाजच नव्हता. म्हणून उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असे समोर बसा, तोंडापुढे हात धरू नका, सावकाश बोला. आपला उच्चार त्यांना पटकन कळत नाही, तेव्हा मुख्य प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्या.

‘तुमच्या काळचा इतिहास सांगा’ म्हटलं की माणूस ताठ होतो आणि वर्तमानपत्रासारखं बोलायला लागतो. कामाबद्दल विचारा. पहिल्या दिवशी कुणी शिकवलं? किती साइड्स (रिंग फ्रेमच्या बाजू) सांभाळायचात? बॉबिन भरून डॉफर (भरलेल्या बॉबिन काढणारा) यायच्या आत हातात किती वेळ उरायचा? सेकंड हँड (खात्याचा दुय्यम मुकादम) कोण होता आणि कसा होता? डोप वॅगन किती वाजता यायची? ही कोका-कोला आणि खाऊ विकणारी ढकलगाडी, तिच्याबद्दल प्रत्येकाला काहीतरी आठवतं. नवरा एका पाळीला आणि बायको दुसऱ्या पाळीला असेल तर मुलं कुणाकडे असत? या शेवटच्या प्रश्नातून आज्या, शेजारणी, भावंडं, अख्खी गल्ली बाहेर येते.

माझ्या पिशवीत सुताचा एक कोन कायम असतो. एका वृद्ध बाईंकडे गेलो होतो. जन्मभर स्पिनिंग रूममध्ये काम केलेल्या, पण मुलीनं आधीच बजावलं होतं की आईला आता फारसं आठवत नाही. खरंच, प्रश्नांना त्या नुसत्या मान हलवत होत्या. मी हातभर सूत काढलं, मधे तोडलं आणि दोन्ही टोकं त्यांच्या हातात दिली. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हाताच्या अंगठ्यावर एक टोक आडवं आलं, दुसरं त्याच्यावरून फिरलं, उजव्या हाताच्या बोटानं एक हिसका, आणि गाठ बसली, इतकी बारीक की नखाशिवाय लागेना. मग त्या म्हणाल्या, आता दुसरं दे. चार-पाच गाठी मारता मारता त्यांनी शिकवणाऱ्या मावशीचं नाव सांगितलं, ती कुठल्या खिडकीपाशी उभी राहायची ते सांगितलं, आणि गाठ मोठी आली की ती बोटांवर चापट मारायची तेही. सूत मिळालं नाही तर शटल न्या, बॉबिन न्या. जुन्या वस्तूंच्या दुकानांत अजून मिळतात.

बॉलबद्दलही विचारा. प्रत्येक गिरणीची बेसबॉलची टीम असे. नामांकित बेसबॉलपटू ‘शूलेस’ जो जॅक्सन ग्रीनव्हिलच्या ब्रँडन गिरणीतलाच, लहानपणापासून कामाला, लिहिता-वाचता न येणारा. संपाचं नाव काढल्यावर गप्प बसणारे आजोबा टीमचा फोटो पुढे ठेवला की डावीकडून उजवीकडे सगळी नावं सांगतात. कोण नंतर गाव सोडून गेला, ते त्यातच येऊन जातं.

आणि सोमवारबद्दल विचारा. कार्डिंगच्या खात्यात काम केलेल्या माणसाला रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती जड झाल्यासारखी वाटे. कापसाच्या धुळीनं होणारा हा बिसिनोसिस, इथल्या भाषेत ब्राउन लंग. वर्षानुवर्षं डॉक्टर त्याला दमा किंवा सिगरेट म्हणत राहिले. 1975 मध्ये कामगारांनी ब्राउन लंग असोसिएशन काढली, 1978 मध्ये धुळीची कायदेशीर मर्यादा ठरली, आणि 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. ‘तुम्हाला काही आजार होता का’ असं विचारलंत तर नाही म्हणतील. सोमवार कसा जायचा, एवढंच विचारा आणि थांबा. ऑक्सिजनची नळी लावून बसलेली माणसं या प्रश्नावर बोलायला लागलेली मी पाहिली आहेत.

जे बोललं जात नाही

प्रत्येक गिरणीगावात ‘आम्ही सगळे एका कुटुंबासारखे होतो’ हे वाक्य ऐकू येईल. ते खोटं नाही. आजारपणात शेजाऱ्यांनी जेवण आणून दिलं, बागेतला भाजीपाला वाटला, हे सगळं घडलेलं आहे. ते मान राखून लिहून घ्या, आणि मग त्या कुटुंबात कोण नव्हतं ते शोधा.

पहिले, संपात गेलेले. एकाच माणसाकडे पूर्वीच्या दुप्पट मशिनं द्यायची, पगार तोच, याला इथं स्ट्रेच-आउट म्हणत. त्यातून 1929 मध्ये गॅस्टोनियाच्या लोरे गिरणीत संप झाला, आणि 14 सप्टेंबरला एला मे विगिन्स ही कामगार बाई गोळीनं मारली गेली. ती स्वतः गाणी रचून सभांत म्हणायची, आणि काळ्या कामगारांनाही युनियनमध्ये घ्या असा आग्रह धरायची. आरोपी सुटले. पुढे सप्टेंबर 1934 मध्ये देशभरातले जवळजवळ चार लाख गिरणी कामगार संपावर गेले. दक्षिण कॅरोलिनातल्या हनिया पाथ गावी 6 सप्टेंबरला चिकोला गिरणीसमोर गोळीबार होऊन सात जण मेले. गिरणीचा सुपरिटेंडंटच गावचा मेयर होता. अंत्यविधीला हजारो लोक आले, आणि त्यानंतर गाव जे गप्प झालं ते साठ वर्षं. स्मारक उभं राहिलं 1995 मध्ये. त्या दरम्यान वाढलेल्या कित्येक मुलांना घरात हे कुणी सांगितलंच नाही.

इथं ती जनगणना कामाला येते. 1930 च्या तक्त्यावरून गल्लीतली घरं क्रमानं लिहून काढा. तीच नावं 1940 मध्ये शोधा. गावातून नाहीशी झालेली कुटुंबं दुसऱ्या गावात सापडली, आणि 1 एप्रिल 1935 ला ती भलतीकडेच होती असं दिसलं, तर संपानंतर घर खाली करायला लावल्याची शक्यता आहे. ती शक्यताच, पुरावा नव्हे. माणसं चांगल्या पगारासाठीही गिरणी बदलत. मग 1934-35 च्या हिवाळ्यातली वर्तमानपत्रं पाहा. कामगारांनी रुझवेल्ट सरकारला पाठवलेली हजारो पत्रं मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, शिसपेन्सिलीनं वहीच्या कागदावर लिहिलेली, गिरणीच्या आणि गावाच्या नावासकट.

त्या पिढीतलं आता जवळजवळ कोणी उरलं नाही. त्यांच्या मुला-नातवंडांशी बोलताना ‘तुमचे वडील संपात होते का’ असं थेट विचारू नका. त्या साली कुठलं घर रिकामं झालं, कुणाशी बोलायचं नाही असं आईनं सांगितलं होतं, हे विचारा. गोळी झाडणाऱ्यांचे आणि मेलेल्यांचे वंशज आजही एकाच चर्चमध्ये बसत असतील. म्हणून अशा मुलाखतीची प्रत कधी खुली करायची हे फॉर्मवर त्यांनाच ठरवू द्या. पंचवीस वर्षं बंद ठेवा म्हणाले तर ठेवा.

दुसरे, काळे कामगार. दक्षिण कॅरोलिनात 1915 च्या कायद्यानं गोऱ्यांनी आणि काळ्यांनी कापडगिरणीत एकाच खोलीत काम करायला मनाई केली. काळ्या पुरुषांना गासड्या फोडणं, अंगणातली ओझी, झाडलोट एवढंच मिळे. काळ्या बायका गिरणीत काम करणाऱ्या गोऱ्या बायकांची मुलं सांभाळत. 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर दारं उघडली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हजारो काळ्या बायका रिंग फ्रेमवर आणि साच्यांवर उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलाखती फार कमी झालेल्या आहेत, तेव्हा वेळ कमी असेल तर तो इथं घाला. त्यांची वाट गिरणीच्या चर्चमधून जात नाही. रुळांपलीकडचं एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) किंवा बॅप्टिस्ट चर्च, जुन्या शाळेचं स्नेहसंमेलन, अंत्यविधीच्या छापील पुस्तिका, ज्यांत माणसाचं आख्खं आयुष्य दोन पानांत दिलेलं असतं, इथून सुरुवात करा. पहिल्या दिवशी काम कुणी शिकवलं, आणि जेवायला कुठे बसलात, हे दोन प्रश्न त्यांनाही विचारा. उत्तरं वेगळी येतील.

शेवटचा दिवस

गिरणी बंद झाली तो दिवस विचारायला लोक बिचकतात, पण सांगणाऱ्याला तो सांगायचा असतो. कॅनापोलिसमध्ये 30 जुलै 2003 रोजी पिलोटेक्स ही कापड कंपनी बंद झाली आणि एका दिवसात उत्तर कॅरोलिनातल्या चार हजारांहून जास्त माणसांचं काम गेलं. 1 जानेवारी 2005 ला जगभरच्या कापडावरचे कोटे उठले, आणि तगून राहिलेल्यांतल्याही अनेक गिरण्या गेल्या. ग्रीन्सबरोची डेनिम विणणारी व्हाइट ओक, 1905 पासून चाललेली, 2017 च्या अखेरीस थांबली. माझ्या गिरणीतही आम्हाला कँटीनमध्ये बोलावून कागद वाचून दाखवला होता. त्या दिवशी कुणी काय घरी नेलं ते विचारा. कापडाचा शेवटचा तुकडा, ओळखपत्र, कात्री, मशिनवरची पितळी पाटी, काहीतरी नेलेलं असतंच. त्या वस्तूचे दोन्ही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या आणि तिची गोष्ट तिथेच रेकॉर्ड करा. वस्तू मागू नका.

गोळा केलेलं कुठे ठेवायचं

मूळ फोटो घरी न्यायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी. लॅपटॉप आणि स्कॅनर बरोबर न्या, त्यांच्याच टेबलावर 600 डीपीआयला स्कॅन करून जागच्या जागी परत द्या. फाइलच्या नावात वर्ष, गाव, आडनाव. तीन प्रती करा, त्यांतली एक तुमच्या घराबाहेर. मुलाखत टाइप करून झाली की ती मोठ्या अक्षरांत छापून सांगणाऱ्याला वाचायला द्या. आडनावांची स्पेलिंगं तेच दुरुस्त करतात, आणि निम्म्या वेळा मार्जिनमध्ये नवी आठवण लिहून पाठवतात.

कायमच्या साठवणीसाठी काउंटी लायब्ररी, शिवाय उत्तर कॅरोलिनात असाल तर लायब्ररीमार्फत डिजिटलएनसी (राज्यातल्या संस्थांचा ऑनलाइन संग्रह), दक्षिणेत असाल तर कोलंबियाची साउथ कॅरोलिनियाना लायब्ररी किंवा क्लेमसन विद्यापीठ. आधी फोन करून ते काय घेतात ते विचारा, प्रत्येकाचे फॉर्म वेगळे असतात.

फोटोंतली अनोळखी माणसं ओळखायला सगळ्यात चांगला दिवस चर्चच्या होमकमिंगचा. वर्षातून एकदा बाहेरगावी गेलेली कुटुंबं परत येतात, प्रार्थनेनंतर अंगणात लांबलचक टेबलांवर जेवण मांडतात. पाद्र्याला आधी विचारून एक टेबल मागून घ्या. त्यावर फोटोंच्या छापील प्रती मांडा, प्रत्येकीला क्रमांक, शेजारी नावं लिहायला कोरा कागद. पेन ठेवू नका, शिसपेन्सिली ठेवा, म्हणजे चुकून फोटोवरच कुणी लिहिलं तरी खोडता येतं. जाताना आपल्याकडूनही काहीतरी खायला न्यायचं असतं. आमच्या घरचा शिरा तिथं दर वर्षी संपतो.